भयमालिकेची एक प्रत आपल्या गावातही हवी

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने १९७९ च्या नोव्हेंबरात ‘सेलम्स लॉट’ ही भयमालिका दोन भागांत दाखवली. १७ तारखेला पहिला भाग, २४ ला दुसरा. एक रक्तपिपासू एका लहान गावात येतो आणि घरामागून घर गिळत जातो, एवढीच गोष्ट. पण ती तीन तास सावकाश उलगडत जाते आणि मधला आठवडाभराचा खंडही तिचाच भाग होऊन बसतो. पुढे ही मालिका कापून ११२ मिनिटांचा चित्रपट केला गेला आणि तो युरोपातल्या थिएटरांत लागला. घरी पाहण्यासाठी व्हिडिओ कॅसेट निघाली तीही बरीच वर्षं या कापलेल्या आवृत्तीची. पूर्ण मालिका डीव्हीडीवर यायला १९९९ उजाडलं. कॅसेट आणून पाहणाऱ्याच्या हाती तोवर मूळ कृतीचा दोन तृतीयांशही भाग पडत नव्हता. दिग्दर्शकाने संथपणे रचलेली भीती कात्रीवाल्याने घाईची करून टाकली होती आणि ते कळायला पूर्ण प्रत समोर यावी लागली.

उदाहरण परदेशातलं असलं तरी मुद्दा माझ्या गावाचा, नाशिकचा आहे आणि एकूणच मराठी प्रेक्षकाचा आहे. वाहिनीवर लागून गेलेली मालिका घरी आणून, आपल्या सवडीने, आपल्या मालकीच्या प्रतीवर पाहता येणं ही आपल्याला आजवर चैन वाटत आली. माझ्या मते ती कृती टिकण्याची पहिली अट आहे. वाहिनीवर दाखवून झालेली प्रत्येक मराठी भयमालिका विकत घेता येईल अशा स्वरूपात निघाली पाहिजे. पुस्तकाची प्रत कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयात जमा होते, तशी तिचीही झाली पाहिजे. आणि ही मागणी सगळ्यांत आधी नाशिकने करायला हवी.

नाशिकनेच का, तर पडद्यावरचं अद्भुत या देशात आणलं ते या मातीतल्या माणसाने. धुंडिराज गोविंद फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. ते जादूचे प्रयोग करत आणि त्यासाठी स्वतःचं आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ झाले होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दाखवून झाल्यावर त्यांनी आपला कारखाना नाशकात हलवला आणि पुढचे चित्रपट इथे केले. देव प्रकट होणं, माणूस अदृश्य होणं, नागाच्या फण्यावर बाळकृष्णाने नाचणं, हे सगळं कॅमेऱ्याच्या करामतीने करून दाखवणारा हा माणूस. त्याचं निधन १९४४ साली नाशकातच झालं. त्याच्या नावाचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभं आहे. आणि त्याच्या कामाचं काय झालं? ‘राजा हरिश्चंद्र’ची चारपैकी पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळं आज शिल्लक आहेत. तीसुद्धा १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले असं मानतात. त्यांतले अगदी थोडे उरले. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली, म्हणजे फाळके जाऊन वीस वर्षं झाल्यावर सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांना फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत जाऊन उरलेसुरले तुकडे गोळा करावे लागले. स्मारक बांधणं सोपं असतं. रीळ सांभाळायला रोजचं काम लागतं, आणि ते काम वेळेवर सुरू झालं नाही की पुढे कितीही पैसा ओतला तरी गेलेली फीत परत येत नाही. हे ज्या गावाला घरच्या उदाहरणावरून ठाऊक आहे, त्याने दूरचित्रवाणीच्या बाबतीत तरी हातावर हात ठेवून बसू नये.

जतन करायचंच तर आधी भुताखेतांचं का, असं कोणी विचारील. आधी त्यांचंच, कारण सगळ्यांत आधी तेच फेकलं जातं. संतांवरची मालिका, शिवचरित्रावरची मालिका सांभाळावी असं वाहिनीच्या कारकुनालाही वाटतं. भुताच्या मालिकेची फीत पुसून तिच्यावर दुसरं काही घ्यायला कोणाचाच जीव अडखळत नाही. ब्रिटनसारख्या नोंदी ठेवणाऱ्या देशातही हे झालं. नायजेल नील या लेखकाची ‘द रोड’ ही भूतकथा बीबीसीने १९६३ साली दाखवली. तिची चित्रफीत आज कुठेही नाही, फक्त लिहिलेली संहिता उरली. ज्यांनी ती पाहिली त्यांच्या आठवणींवर विश्वास ठेवायचा आणि कागद वाचून घ्यायचा.

आपल्याकडे तर भयकथेला वाङ्मयाच्या पंक्तीत मानाचं पान फार उशिरा मिळालं, आणि काहींच्या लेखी अजून मिळालेलंच नाही. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा टिकल्या त्यात गल्लीबोळांतल्या वाचनालयांचा मोठा वाटा आहे. पानं सुटलेली, पाठीला खळ लावून चिकटवलेली, कोपरे मळलेली ती पुस्तकं पिढ्यांनी वाचली. समीक्षकांनी पाठ फिरवली तरी पुस्तक फळीवर होतं. पुढे कोणाला त्यांचं मोल नव्याने कळलं, तेव्हा हात घालायला काही तरी शिल्लक होतं. मालिकेच्या नशिबी अशी फळी नाही.

आणि मराठी भयमालिकेत जपण्याजोगं फार काही असतं. भयकथेत घर हेच मुख्य पात्र असतं. ओटा, माजघर, अडगळीची खोली, भिंतीतलं बळद, परसातला आड, तिन्हीसांजेला लावलेला दिवा, कोणी कोणाला काय म्हणून हाक मारायची, अमावास्येला कुठे जायचं नाही, पिंपळावरच्या मुंजाचं नाव कोणत्या आवाजात घ्यायचं, हा सगळा तपशील कौटुंबिक मालिकेतल्या चकचकीत दिवाणखान्यात सापडत नाही. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते. लाकडी खांब, माडीची अरुंद जिन्याची वाट, तळघराचं झाकण, सगळं ढिगाऱ्यात जातं आणि वर्षभरात तिथे इमारतीचा पाया खणला जातो. अशा वाड्यात चित्रित झालेली चार भागांची एखादी मालिका म्हणजे त्या वास्तूची चालतीबोलती नोंद. तिच्यातलं भूत खोटं असेल, पण जिना खरा असतो. त्या जिन्यावरून उतरणाऱ्या आजीची बोलीही खरी असते.

इथे लघुमालिका आणि रोजची मालिका यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. भुताच्या गोष्टीला शेवट लागतो. दोन, तीन, फार तर पाच-सहा भागांत लेखकाला धागा गुंफून सोडवता येतो आणि भीती एकेक पायरी चढत जाते. रोजच्या मालिकेत टीआरपी आहे तोवर भुताला मरता येत नाही. मग सहाशेव्या भागात तेच भूत सूनबाईच्या डोहाळजेवणाला हजर! हिंदीत नेटफ्लिक्सने लघुमालिका करून पाहिल्या: २०१८ ची ‘घूल’ तीन भागांची, २०१९ ची ‘टाइपरायटर’ पाच भागांची, २०२० ची ‘बेताल’ चार भागांची. त्यांचा दर्जा कमीजास्त आहे, पण आकार बरोबर आहे. या आकाराची गोष्ट घरी, दिवा मालवून, दोन रात्रींत पाहता येते, मध्ये थांबता येतं, मागे जाऊन एखादी चौकट पुन्हा तपासता येते. भयकथेचं बारीक काम अशा वेळी दिसतं. आरशात मागे कोण उभं होतं, ते पहिल्यांदा पाहताना बहुतेकांच्या नजरेतून सुटतंच.

मात्र या मालिका घरात आल्या तरी घरच्या झाल्या नाहीत. वर्गणी चालू आहे तोवर पाहायच्या. कंपनीने उद्या काढून टाकल्या, भाषांतरित आवाज बदलला, एखादं दृश्य गाळलं, तर प्रेक्षकाला कळायचाही मार्ग नाही, कारण ताडून पाहायला दुसरी प्रत कोणाकडे नाही. ‘सेलम्स लॉट’च्या कात्रीची गोष्ट आज पुन्हा घडली तर ती उघडकीला येणारच नाही. ज्याची प्रत समाजाकडे आहे, त्याच्यातली काटछाट समाजाला सापडते.

कॅसेटच्या दिवसांची थोडी आठवण इथे करून दिली पाहिजे. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन कॅसेटी पाहणारी पिढी नाशकात अजून आहे. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत व्हिडिओ लायब्ररी होत्या, पुढे त्यांच्याकडे सीडी आल्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढल्या, तेव्हा तर चित्रपट विकत घेणं भाजी घेण्याइतकं सोपं झालं. तो काळ फार टिकला नाही. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं बंद केलं. टपालाने डीव्हीडी घरी पाठवण्यापासून सुरुवात केलेल्या नेटफ्लिक्सनेही तो धंदा २०२३ च्या सप्टेंबरात आटोपता घेतला. यंत्रं गेली, दुकानं गेली. आणि त्यांची जागा जिने घेतली ती व्यवस्था आपल्याला प्रत देतच नाही, फक्त पाहण्याची परवानगी देते.

फितीचं आयुष्यही थोडं असतं. चुंबकीय फितीवरचा लेप उष्णतेने आणि दमट हवेने सुटायला लागतो, बुरशी धरते, चित्रात पांढऱ्या रेघा येतात. मुंबईत समुद्राकाठच्या गोदामात ठेवलेली फीत तर लवकर खराब होणार. आता कायदा पाहा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपट आणि तत्सम दृश्य कृतींचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९९५ साली दाखवलेली मालिका २०५६ साली सर्वांसाठी खुली होईल. तेव्हा ती खुली करायला फितीवर काही उरलेलं असेल का? हक्क शाबूत राहील आणि कृती मरेल, असा हा हिशेब आहे.

त्याच कायद्यात २०१२ साली एक चांगली दुरुस्ती झाली. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा त्याला मिळाली. म्हणजे एखाद्या वाचनालयाच्या कपाटात जुनी कॅसेट पडली असेल, तर तिला वाचवण्याचा रस्ता कायद्याने मोकळा आहे. पण जी मालिका कधी कॅसेटवर निघालीच नाही, जी थेट ॲपवर आली, तिच्याबाबत ग्रंथालयाचे हात रिकामे. घरी पाहण्यासाठी प्रत निघण्याशी जतनाचा संबंध असा थेट आहे.

पुस्तकांची सोय आपण स्वातंत्र्यानंतर सातच वर्षांत लावली होती. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ग्रंथालयं अशा चार ठिकाणी स्वखर्चाने पाठवणं बंधनकारक झालं. १९५६ साली त्यात वृत्तपत्रंही आली. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. खाजगी मराठी वाहिन्या १९९९ पासून जोर धरू लागल्या. रात्रंदिवस मराठी घरांत बोलणारं हे माध्यम मात्र त्या कायद्याच्या कक्षेत कधी आलं नाही. फ्रान्सने १९९२ साली कायदा करून रेडिओ-दूरचित्रवाणीचे कार्यक्रम राष्ट्रीय संग्रहात जमा करणं सक्तीचं केलं. आज तिथला विद्यार्थी जुनी मालिका मागवून, बसून, टिपणं काढत पाहू शकतो. आपल्या विद्यापीठांत मराठी मालिकांवर प्रबंध लिहिणाऱ्याला मात्र यूट्यूबवर कोणीतरी चढवलेल्या अंधूक तुकड्यांवर भागवावं लागतं.

यूट्यूबवर असतंच की सगळं, असं म्हणणारे बरेच भेटतात. सगळं नसतं. जे असतं त्यात मधले भाग गायब असतात, सुरुवातीचं शीर्षकगीत कापलेलं असतं, कोपऱ्यात कोणाचं तरी चिन्ह चिकटवलेलं असतं, आणि हक्काची एक तक्रार आली की रातोरात सगळं उतरतं. त्या हौशी लोकांचे उपकार आहेतच. पण संस्थेचं काम हौसेवर सोडायचं नसतं.

यापेक्षा गंभीर आक्षेप अंधश्रद्धेचा आहे, आणि तो महाराष्ट्रात हलक्यावारी नेता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. अशा राज्यात भुतांच्या मालिका जपायच्या, त्या घराघरांत पोचवायच्या, हे त्या कामाच्या विरुद्ध जाणारं नाही का? २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा कोकणातून असाच विरोध झाला होता. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असं लोक म्हणाले. त्यामागची कळकळ मला मान्य आहे. ज्या जिल्ह्यात नागदोषाच्या नावाने माणसं धास्तावतात, तिथे राहणाऱ्याला भीतीचा धंदा कसा चालतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण तो कायदा काय म्हणतो तेही वाचावं. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने, साखळीने बांधून मारणं, भूत अंगावर घालण्याची धमकी देऊन लोकांना घाबरवणं, चमत्काराचा दावा करून लुबाडणं, असल्या कृत्यांना तो गुन्हा ठरवतो. गोष्ट सांगण्याला नाही. बुवा म्हणतो, हे खरं आहे, पैसे काढ. कथाकार म्हणतो, हे मी रचलं आहे, बस आणि ऐक. या दोघांना एका मापाने मोजणं ही विवेकवादाची सेवा नव्हे. केबल वाहिन्यांच्या १९९४ च्या नियमांत अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असं एक कलम आहे. त्या कलमाचा उपयोग ग्रहदोषांवर तोडगे विकणाऱ्या सकाळच्या कार्यक्रमांवर झाला असता तर मी आनंदाने टाळ्या वाजवल्या असत्या. ओटीटीसाठी २०२१ साली आलेल्या नियमांची पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते. त्यांत भीती आणि दहशत हे विषय विचारात घेऊन वयाचे गट पाडले आहेत, आणि १३ वर्षांवरील व त्यापुढच्या गटांतल्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय सक्तीची केली आहे. सात वर्षांच्या पोराला रात्री भुताची मालिका दाखवू नये, हे बरोबरच आहे. म्हणून ती चाळीस वर्षांच्या माणसापासून आणि पुढच्या पिढीच्या अभ्यासकापासून लपवायची, हे बरोबर नाही.

बीबीसीने ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी ‘घोस्टवॉच’ नावाचा दीड तासाचा कार्यक्रम दाखवला. होता तो रचलेला, पण खऱ्या सूत्रसंचालकांना घेऊन थेट प्रक्षेपणासारखा केलेला. असंख्य प्रेक्षकांना तो खरा वाटला, मुलं घाबरली, तक्रारींचा पाऊस पडला. बीबीसीने तो पुन्हा कधी दाखवला नाही. दहा वर्षांनी, २००२ साली, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो घरी पाहण्यासाठी प्रकाशित केला. त्यानंतर त्याच्यावर खरी चर्चा सुरू झाली: प्रेक्षकाला फसवणं कुठे सुरू होतं, वाहिनीची जबाबदारी काय, लोक पडद्यावर इतका विश्वास का ठेवतात. ज्यांना तो कार्यक्रम घातक वाटत होता त्यांनाही आता बोट ठेवून दाखवायला दृश्य होतं. आपल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनाही हेच हवं असणार. एखाद्या मालिकेने भानामतीचं समर्थन केलं असं म्हणायचं असेल, तर तो भाग शाळेत, शिबिरात दाखवून त्याची चिरफाड करता आली पाहिजे. गायब झालेल्या मालिकेवर टीकाही करता येत नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. पुस्तकाची प्रत द्यायला प्रकाशकाला कागद-छपाईचा खर्च येतो, तरी तो देतो. वाहिनीकडे तर मालिका डिजिटल फाइलच्या रूपात तयारच असते. पाच भागांच्या मालिकेची उत्तम दर्जाची प्रत एका लहानशा हार्ड डिस्कमध्ये मावते. जुन्या फितींचं रूपांतर करणं महाग पडतं, तिथे सरकारने हात दिला पाहिजे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवलं आणि देशभर लोकांनी ते पाहिलं. तीस वर्षांपूर्वीच्या मालिका दाखवता आल्या, कारण त्या कोणीतरी सांभाळल्या होत्या. सांभाळण्याचा खर्च असा कधीतरी एकदम वसूल होतो.

नाशिक जिल्ह्यात चित्रनगरी व्हावी ही मागणी जुनी आहे आणि निवडणुका आल्या की ती नव्याने ऐकू येते. स्टुडिओ व्हावा, रोजगार यावा, माझा विरोध नाही. पण त्या आराखड्यात चित्रीकरणाच्या मजल्यांबरोबर थंड, कोरड्या हवेची एक साठवणखोली आणि प्रेक्षकांसाठी पाहण्याच्या चार खोल्या असाव्यात, ही अट लोकप्रतिनिधींकडून आत्ताच लिहून घेतली पाहिजे. दुसरीकडे सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासून चालत आलेली संस्था याच गावात आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयांना दृश्य कृतींचा विभाग चालवण्यासाठी वेगळी तरतूद राज्य सरकार करू शकतं, त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. १९५४ च्या कायद्यातली दुरुस्ती संसदेत व्हायची आहे. तोवर ‘अनुदान किंवा करसवलत घेणाऱ्या प्रत्येक मराठी मालिकेने एक प्रत राज्याकडे द्यावी’ एवढी एक ओळ सांस्कृतिक कार्य विभागाच्या शासन निर्णयात घालून सुरुवात होऊ शकते. वाहिन्यांनी आपणहून विक्रीसाठी प्रत काढली, पूर्ण, न कापलेली, मराठी सबटायटल्ससह, तर ऐकू न येणाऱ्यांचीही सोय होईल, आणि ती घेणारे आम्ही इथे आहोत.